सगळ्यांनी पाणी घातलेलं झाड

गुढियारी, रायपूर
रविवार, भर दुपार (लाइट गेली आहे, अक्षराला नावं ठेवू नको)

आदरणीय मीराआत्या,

तुझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका पोट्ट्याचा, म्हणजे यशदीपचा, तुला सविनय जयभीम, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा जयभीम. गुडघा आता कुठवर वाकतो ते कळव. इथे शेजारच्या इंदूकाकू रोज कंपाउंडावरून विचारतात आणि मी रोज 'बराच वाकतो' असं ठोकून देतो, पण बराच म्हणजे किती ते मलाही ठाऊक नाही. रुचितादीदीला आणि भाऊजींना जयभीम. नागपूरला लेकीकडे कुलरमध्ये पाणी भरायचं काम तुझ्यावर टाकलं नसेल अशी आशा आहे. ऑपरेशनवाल्या माणसाने बादली उचलू नये हे मी कुठेतरी वाचलंय (बहुतेक औषधाच्या दुकानात, पण तिथे मी चार्जर शोधायला गेलो होतो). इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे मी आणि बाबा, आणि मजेत म्हणजे आहोत.

पत्र काहून लिहून राहिला म्हणशील. आता तूच सांग, दुसरं काय करू? तू बाबांचा फोन कापतेस ते मला समजतं, भांडण तुमचं आहे. पण माझाही कापतेस, आणि व्हॉट्सॲपवर मी अंगणाचे फोटो पाठवले की दोन निळ्या खुणा तेवढ्या परत येतात. दीदीनं मला सांगितलं की तू म्हणालीस, 'आंगण मेलं, आता त्या घरात माहं काय हाय? माह्या खोल्या भाड्यानं देऊन टाका.' हे मी बाबांना सांगणार नव्हतो. पण दीदीनं त्यांनाही सांगितलं. तेव्हापासून बाबा तीन पोळ्यांवरून एकीवर आलेत, आणि तुझ्या खोलीचा दरवाजा रोज सकाळी उघडतात, झाडू मारतात, परत लावतात. म्हणून हे पत्र. तू परत यावंस म्हणून नाही हं. तसा माझा काही आग्रह नाही. फक्त अंगण मेलं की नाही, एवढीच खरी बातमी तुला मिळावी.

भांडण झालं तेव्हा मी इथे नव्हतो, हे एक माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. मी तेव्हा केशकालच्या घाटात एका ढाब्यावर होतो. काम चांगलं होतं, पण मालकाला वाटे की तंदूरसमोर उभ्या माणसानं तंदूरकडेच बघावं, आणि घाट तर उलट्या बाजूला! त्याच्या आधी राजिमच्या मेळ्यात पाळण्याच्या तिकिटांवर होतो, तिथे पाळणेवाल्याची बकरी माझ्या इतकी मागे लागली की... जाऊ दे, बकरीचं पुढच्या वेळी तोंडी सांगीन. मुद्दा असा की बोअर आटली, टँकर आला, घरटी दोन ड्रम पाणी मिळालं, आणि बाबांनी ते पाणी गेटाबाहेर, मालधक्क्याचे हमाल पितात त्या पाणपोईच्या मटक्यांत ओतलं, तुझ्या गुलाबाला, शेवंतीला, मोगऱ्याला नाही, हे सगळं मला मागाहून कळलं. फोनवरचं भांडण मात्र आख्ख्या पाऱ्याला, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला, पाठ आहे. तू म्हणालीस, 'माहा गुलाब मेला न तुही पाणपोई जगली, आता तिच्याशीच बोल.' बाबा म्हणाले, 'बाई, गुलाबाले मालगाडीतून पोते उतरवा लागत नाही.' तुझं बरोबर होतं. बाबांचंही बरोबर होतं. दोन्हीकडून बरोबर असलेलं भांडण मिटत नाही, हे मी ढाब्यावरही पाहिलं आहे.

तर मी घरी आलो. बाबांनी मला पंडरीच्या कापडबाजारात पाठवलं, मटक्यांवर झाकायला लाल कापड आणायला. मी निघालोही पंडरीलाच. पण बस स्टँडवर सौमित्र भेटला (तोच, दहावीत माझ्याबरोबर नापास झालेला). तो अभनपूरला मधमाश्यांची पेटी बघायला चालला होता, आणि मला वाटलं, कापड तर रोजच मिळतं, मधमाशी रोज मिळत नाही. अभनपूरला पोचलो तर पेटीवाला लग्नाला गेलेला. उन्हात परतीच्या बसची वाट पाहत उभे राहिलो, तर रस्त्याच्या पलीकडे एक नर्सरी. आत हिरव्या जाळीखाली ठेवलेली सगळी झाडं माना टाकून पडलेली, आणि बाहेर गेटाजवळ, तापलेल्या दगडांवर, सावली नाही काही नाही, अशा कुंड्यांची एक रांग भर उन्हात फुललेली. लाल, पिवळी, गुलाबी, एक तर साईसारखी पांढरी न कडेला गुलाबी. जाड काटेरी दांडा, शेंड्याला पानांचा झुपका, आणि त्यातून दोन-दोन गोल पाकळ्यांची फुलं, जशी कोणी टिकल्या चिकटवल्यात. मी म्हटलं, ही प्लास्टिकची आहेत. नर्सरीवाला नत्थू खाटेवर पडूनच म्हणाला, 'हाथ लगाके देख ले भैया.' लावला. काटा शिरला. खरी होती.

नाव विचारलं तर यूफोर्बिया म्हणाला. आपल्या थोराच्या, शेराच्या भावकीतलं झाड आहे, मोडलं की तसाच पांढरा चीक निघतो. पाणी किती लागतं विचारलं तर नत्थू उठून बसला, आणि त्यानं जे सांगितलं ते मी तुझ्यासाठी ध्यानात ठेवलं: 'ये ह अपन होके नइ मरय भैया, एला मारे बर पड़थे.' म्हणजे आपण होऊन मरत नाही, ह्याला मारावं लागतं! आत्या, मला तिथल्या तिथे तुझं आणि बाबांचं भांडण मिटलेलं दिसलं. पाणी सगळं पाणपोईला, आणि अंगण फुललेलंच. पाच कुंड्या घेतल्या. कापडाचे पैसे संपले. नत्थूनं निघताना बजावलं, आठवड्यात एकदा घोटभर, जास्त नाही, आणि चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. मी 'हव, हव' म्हटलं आणि बसकडे पळालो.

(बसचं थोडक्यात. रायपूरच्या बसमध्ये आख्खी सीट पाहिजे असेल तर मांडीवर यूफोर्बिया घ्यावा. कंडक्टरनंसुद्धा तिकीट लांबूनच हात ताणून दिलं. सौमित्र माझा जिगरी दोस्त, तो मागच्या दाराशी उभा राहून माझ्याकडे अनोळखी माणसासारखा पाहून राहिला होता. एका बाईचा पदर अडकला तेवढा, पण फूल पाहून ती म्हणाली, काटा काढ, फूल मला दे. दिलं.)

कापडाऐवजी काटे घेऊन आलो म्हणून बाबा रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा लावला, पाचही कुंड्यांभोवती फिरले आणि विचारलं, 'बाईले लाल रंग आवडते ना?' मग त्या त्यांनीच उचलून गेटाबाहेर, पाणपोईच्या ओट्याला लागून मांडल्या, आल्या-गेल्याले दिसले पाहिजे म्हणून. इंदूकाकू कंपाउंडावरून म्हणाल्या, 'धर्मपालभाऊ, चिकाचं काटेरी झाड दारात ठेवू नये हो. घरात भांडणं होतात.' बाबा म्हणाले, 'वहिनी, भांडण आधी झालं, झाड मागून आलं. उलटा क्रम हाय, चालते.' काकूंना हे पटलं नाही, पण त्या रागावल्याही नाहीत. नंतर मला हळूच म्हणाल्या, 'मीराबाईला फोटो पाठव.' तो फोटो तू पाहिलास. निळ्या खुणा आल्या.

आता दुःखाचा भाग. महिन्याभरातच पिवळ्या फुलाच्या झाडाची पानं गळाली. मग गुलाबीची. बोट लावलं तर दांडा बुडाशी मऊ, पिकलेल्या केळ्यासारखा. मला काही समजेना, कारण मी आठवड्यात एकदाच घोटभर घालून राहिलो होतो (खरं म्हणजे दोन आठवडे तेही विसरलो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं विसरणं कोणाच्या तरी कामाचं होतं). मग एक दिवस मी काही न करता ओसरीवर बसून राहिलो. हे काम मला जमतं. आणि आत्या, काय काय पाहिलं मी! सकाळी बाबा आले, इकडेतिकडे पाहिलं, तांब्याभर पाणी पाचही कुंड्यांत वाटून घातलं आणि कोणी पाहिलं नाही असं तोंड करून पेपर वाचत बसले. मग इंदूकाकू आल्या, ज्यांना ते झाड दारात नको होतं त्या, आणि तांदूळ धुतलेलं पाणी कंपाउंडावरून हात लांबवून घालून गेल्या. मी 'काकू?' म्हटलं तर म्हणाल्या, 'अशुभ असलं म्हणून काय झालं, जीव आहे बाबा. तहान लागते.' आणि मग मालधक्क्यावरचे हमाल सुटले. पाणपोईवर माणूस कसा पाणी पितो ते तू आमच्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. ग्लास भरून घेतो, तीन हिश्शे पितो, उरलेलं घोटभर रस्त्यावर कसं फेकायचं, पाप लागते, म्हणून जवळच्या झाडाच्या बुडाशी ओततो. प्रत्येक जण. घोटभर. ठेलेवाले, रिक्षावाले, शाळेच्या पोरी, उन्हातान्हाचा आख्खा गुढियारी पारा. ज्या झाडाला तहानच लागत नाही त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून बुडवून मारत होतो.

माझं डोकं फिरलं. मी खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं, 'यहाँ पानी डालना सख़्त मना है', आणि कुंड्यांच्या मधोमध रोवला. परिणाम चांगला झाला असं सुरुवातीला वाटलं. हमालांमध्ये जे म्हातारे गुलाबराव आहेत ना, गोंदियाकडचे, ते ग्लास घेऊन पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. उरलेलं पाणी फेकवेना, झाडाला घालता येईना. शेवटी घटाघटा सगळं पिऊन टाकलं आणि त्यांना जी उचकी लागली ती धक्क्यावर पोचेपर्यंत थांबली नाही. जाताना म्हणाले, 'धर्मपालच्या दारात अशी पाटी? पोट्ट्या, तू कोठून शिकून आला बे?' मी हसलो. मला वाटलं, उचकीनं बोलून राहिले.

संध्याकाळी बाबा विहारातून आले. पाटी वाचली. ती उपटली, घडी घातली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. 'हे तू लिहिलं?' मी म्हटलं, झाडासाठी लिहिलं, माणसासाठी थोडीच आहे. ते म्हणाले, 'झाडासाठी लिही का कोणासाठी. पाणी न मना, हे दोन शब्द एका पाटीवर, अन् ती पाटी आपल्या दारात? तुले माहीत तरी हाय का, ही पाणपोई काहून हाय?' मला माहीत नव्हतं आत्या. मला वाटायचं रिटायर झालेले लोक असं काहीतरी करतातच. मग त्यांनी सांगितलं. गावच्या विहिरीपासून लांब तू पाण्याचा गुंड घेऊन उभी राहायचीस आणि बाबा तुझा हात धरून. विहिरीला हात लावायचा नाही. कोणाच्या मनात येईल तेव्हा तो वरून ओतेल, आणि नाही आलं तर उन्हं कलेपर्यंत उभं राहायचं. बाबा रडायला लागले की तू त्यांना गुंडाच्या सावलीत बसवायचीस. आणि या घराला नळ आला त्या दिवशी गेटाबाहेर पहिला मटका बाबांनी नाही, तू ठेवलास, आणि कोणी जात विचारू नये न कोणी सांगू नये, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं, म्हणून ग्लास साखळीनं बांधला नाहीस, तसाच उघडा ठेवलास. बाबा म्हणाले, 'ग्लास चोरी जाईन म्हटलं मी. बाई म्हणे, जाऊ दे, पाणी पिऊनच जाईन ना.' हे सगळं तुला ठाऊक आहे, मी तुला काय सांगतोय! पण मला ठाऊक नव्हतं, आणि बाबांना ते सांगताना पाहिलं तेव्हा मला एवढं समजलं की टँकरचं पाणी मटक्यात ओतताना त्यांना वाटलं असेल, बाई असती तर तिनंही हेच केलं असतं. तू गुलाबासाठी इतकी रागावशील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. (तू रागवायला नको होतंस असं माझं म्हणणं नाही. गुलाब तुझा होता. त्यांनी विचारायला पाहिजे होतं.)

पाटी गेली, पण झाडं तर मरतच होती. नत्थूला फोन लावला. तो म्हणाला, शेंडे चांगले असतील तर कापून घे, चीक पुसून टाक, सावलीत वाळू दे, मग वाळूत रोव. मी बाबांच्या दाढीच्या ब्लेडनं कापायला बसलो. काटे, घाम, आणि तो दुधासारखा चीक. घाम डोळ्यात गेला म्हणून मी हातानं डोळा पुसला. त्याच हातानं. आत्या, मिरच्यांचं पोतं डोळ्यात सांडलं तरी बरं. मी जो बोंबललो त्यानं धक्क्यावरची माणसं पळत आली. आणि मग पाणी! ज्यांना ज्यांना झाडाला पाणी घालू दिलं नव्हतं त्या सगळ्यांनी ते माझ्यावर घातलं. गुलाबराव मटकाच उचलून आले. इंदूकाकूंनी माझं डोकं काखेत धरलं आणि 'उघड रे डोळा, उघड मेल्या' करत तांब्यावर तांब्या. मला नीट दिसायला लागलं तेव्हा पाणपोई कोरडी ठण्ण, मी चिखलात, आणि बाबा हसून राहिले होते. मी आल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टरनं थेंब दिलेत, वेळेवर धुतला म्हणून डोळा वाचला म्हणाला. दोन दिवस मी इंदूकाकूंच्या मुलाचा काळा चष्मा लावून फिरलो आणि पाऱ्यातली पोट्टी मला 'हीरो' म्हणत होती, ते एक बरं झालं.

तर आता खरी बातमी. पाचपैकी चार शेंडे लागले. ते ओसरीच्या भिंतीवर ठेवलेत, पत्र्याच्या पाखीखाली, कोणाच्याही ग्लासाचा हात पोचत नाही इतके उंच. लालला फूल आलं आहे. ऊन असं पडतं की कावळा चोच उघडून बसतो, आणि हे तिथं आपलं आरामात. पाणपोईच्या ओट्याजवळ बाबांनी केळीचा कोंब लावला. तिला दिवसाला शंभर ग्लासांचं उरलेलं पाणी मिळतं आणि ती अजून मागते, रोज नवीन पान काढते. लोकांचं पापही वाचलं, केळही वाढली. अंगण मेलेलं नाही, आत्या. तुझ्या गुलाबाच्या जागी मात्र अजून काही लावलं नाही. बाबा म्हणतात, ती जागा बाईची, ते बाईच ठरवीन.

बाकी सर्व ठीक. बाबांची तब्येत उत्तम आहे, काळजी करू नये. परत येण्याची घाई करू नको, गुडघा सांभाळ.

तुझा,
सध्या घरी असलेला,
यशदीप

ता. क. : 'सध्या' असं का लिहिलं ते सांगतो. सौमित्रला कांकेरला मधमाश्यांचा माणूस सापडला आहे आणि तो आम्हा दोघांना काम शिकवतो म्हणतो. पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. या वेळेस मन लागेल असं वाटतं (हे मी ढाब्याच्या वेळेसही लिहिलं होतं, माहीत आहे). यूफोर्बियाची चिंता नाही, तो कोणी नसलं तरी राहतो. बाबा राहत नाहीत. 'जा, मी हाय' म्हणतात, आणि तब्येत उत्तम आहे असं जे मी वर लिहिलं ते त्यांनी शेजारी बसून लिहायला लावलं. पट्टा दोन भोकं आत गेला आहे. तेव्हा गुडघा जेवढा वाकतो तेवढा घेऊन ये. स्टेशनवर मी येतो, जिन्यानं चढवणार नाही, फाटकाकडून काढीन.

ता. क. दुसरा : बाबांनी पत्र वाचलं. पूर्ण. विहिरीच्या जागी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'लेका, तुले अक्कल नाही. सगळं खोडून टाक. झाडं जगले असं लिहिलं तर बाई कायले येईन? दोन निळ्या खुणा पाठवीन न तिथंच बसून राहीन. मेले म्हणून लिही. सगळेच मेले. मग पाह्य, पहिल्या गाडीनं येते का नाही भांडाले.' मी म्हटलं, बाबा, चार पानं झाली, आता खोडू कुठं कुठं? ते म्हणाले, खाली लिही, बाई शेवटचं आधी वाचते.

तर आत्या, सगळी झाडं मेली. भिंतीवरची मेली, केळ मेली, एकही पान राहिलं नाही. बाबा इथे समोर बसले आहेत, अजिबात पस्तावलेले नाहीत, म्हणतात येऊ दे तिला, पाहून घेतो. कोणती गाडी ते तेवढं कळव.